आधी फ्लेक्स, मग कन्सोल

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये तुम्ही गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बनवलाय असं कळलं. अभिनंदन! जिथं पंपाचे आणि इंजिनाचे भाग ओतले जातात, तिथं कन्सोल व्हायला काय हरकत आहे? आता शेडमधला पोरगा विचारेल, "मालक, ह्यात गेम कुठल्या हाईत?" त्याला चहा आणायला पाठवा. असले प्रश्न धंद्याला मारक असतात.

पहिलं काम फ्लेक्स. दसरा चौकात, बारा बाय वीस. मधोमध तुम्ही, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. भोवती पासपोर्ट फोटोएवढे चाळीस शुभेच्छुक. वर ठळक अक्षरांत 'नादच खुळा'. कन्सोल एखाद्या कोपऱ्यात मावला तर बघा, नाहीतर राहू द्या.

नावावर डोकं खर्च करू नका. आधीच्या मालाच्या नावाला एक अक्षर चिकटवलं की झालं. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीनं हेच केलं. त्यांचा वी हा कन्सोल १० कोटींच्या वर खपला होता. २०१२ मध्ये पुढचा आणला, त्याचं नाव वी यू, आणि जाहिरातीत सगळा झोत त्याच्या पडदेवाल्या कंट्रोलरवर. बऱ्याच गिऱ्हाइकांची समजूत झाली की हे जुन्या वीला जोडायचं काहीतरी आहे. वी तर घरात आहेच, मग घाई कशाला? साधारण १ कोटी ३५ लाखांवर गाडी थांबली. कोल्हापुरात एकाच मिसळीच्या पाट्यांवर 'जुनी', 'मूळ' आणि 'अस्सल' वाचत मोठे झालेल्या माणसाला ही युक्ती वेगळी शिकवायला नको.

एखादा भारदस्त शब्दही लागेल. सेगा या दुसऱ्या जपानी गेम कंपनीनं नव्वदच्या दशकात अमेरिकेत 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा शब्द जाहिरातीत उडवला होता. अर्थ विचारायची कुणाची छाती झाली नसावी. त्याआधी १९९१ मध्ये त्यांनी कन्सोलची किंमत उतरवली होती आणि डब्यात सोनिकचा गेम फुकट घातला होता, पण त्या फुटकळ गोष्टींकडं तुम्ही लक्ष देऊ नका. यश सगळं शब्दाचंच.

आता आपल्या गावाला शोभणारी गोष्ट. त्याच सेगानं १९९७ च्या सुमारास जपानमध्ये सॅटर्न या आपल्या कन्सोलसाठी जाहिरातीत एक वस्ताद उभा केला, सेगाता सान्शिरो. अंगात ज्युदोचा पांढरा पोशाख, चेहऱ्यावर राग. पोरं मजेत नाचत-बागडत असली की हा येणार, एकेकाला उचलून आपटणार आणि बजावणार, सॅटर्न खेळा! मेहनत कशी, तर पाठीवर भला मोठा सॅटर्न बांधून. शेवटच्या जाहिरातीत कंपनीवर येणारं क्षेपणास्त्र यानं अंगावर घेतलं आणि त्याच्यासकट अंतराळात गेला. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाऊल न ठेवता एवढी मर्दुमकी! लोक अजून त्याची आठवण काढतात. आणि आठवण काढणाऱ्यांच्या घरात प्रतिस्पर्धी सोनीचं प्लेस्टेशन निघतं, हा तपशील वस्तादाच्या कानावर घालू नये.

तुमच्यासाठी हे सोपं आहे. तालमीतला एखादा गडी बघा, कन्सोल न घेणाऱ्याला धोबीपछाड. पोलीस केस झाली तर प्रसिद्धी फुकट.

किंमत मात्र शेवटपर्यंत सांगू नका. ११ मे १९९५ ला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगावाल्यांनी ऐटीत जाहीर केलं की सप्टेंबरात येणारा सॅटर्न आजपासूनच दुकानांत मिळेल, ३९९ डॉलरला. मोजक्याच दुकानांत माल, बाकीचे दुकानदार फुगून बसलेले. मग सोनीचा माणूस स्टीव्ह रेस प्लेस्टेशनची किंमत सांगायला मंचावर गेला, '२९९' एवढंच बोलला आणि खाली उतरला. ना डिझाइन, ना ढोल-ताशा, ना शुभेच्छुक. याला काय जाहिरात म्हणायची? तो प्लेस्टेशन १० कोटींवर गेला आणि सॅटर्न १ कोटीच्या आत राहिला, तो भाग वेगळा.

राहिली जर्सी. पेठेतल्या एखाद्या तालमीच्या फुटबॉल संघाला ती द्याच. १९९९ मध्ये सेगानं आर्सेनल या इंग्लंडच्या फुटबॉल संघाच्या छातीवर ड्रीमकास्ट या आपल्या पुढच्या कन्सोलचं नाव छापून घेतलं. जानेवारी २००१ मध्ये ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं कंपनीनंच सांगितलं, पण सेगाचा करार २००२ पर्यंत चालला आणि त्या साली आर्सेनलनं लीग आणि एफए कप दोन्ही मारले. कन्सोलचं तेरावं उरकून वर्ष उलटलं तरी पुरस्कर्ता मिरवणुकीत! एवढं भाग्य किती उत्पादकांच्या वाट्याला येतं?

फ्लेक्सवाल्याचे पैसे आगाऊ द्या, तो उधारी ठेवत नाही. आणि तो पोरगा एव्हाना चहा घेऊन परत आला असेल. कप ठेवायच्या आधीच त्याला पान आणायला पिटाळा.