सपाटीवर म्हणे सगळं आयतं मिळतं

'डोंगरातला माणूस कष्टाळू, मैदानातला आळशी' असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या मुंबईतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: मैदानात माती सुपीक, पाणी दाराशी, रस्ता सरळ, त्यामुळे तिथल्या माणसाला ना घाम गाळावा लागतो, ना शेजाऱ्याची गरज पडते. पुराव्यादाखल मावळे.

'पाणी दाराशी' इथूनच सुरुवात करू, कारण खरी गोम तिथंच आहे. डोंगरावरचं पाणी उतारानं आपसूक निघून जातं. सपाटीवर त्याला वाट काढून द्यावी लागते, आणि ते काम कधी संपत नाही. दिल्ली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर, तिथून बंगालचा उपसागर हजाराहून जास्त किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे उतार वीतभरसुद्धा नाही. हिमालयातून उतरलेली नदी तिथं मंदावते, गाळ टाकते, स्वतःचंच पात्र उंच करते आणि एखाद्या वर्षी वाट बदलते. ऑगस्ट 2008 मध्ये कोसीनं नेपाळात कुसहाजवळ बांध फोडला आणि बिहारमध्ये लाखो लोक घरदार सोडून निघाले. फॉरवर्डमधली 'सुपीक माती' याच पुरांनी आणलेली आहे.

बिहार लांब वाटत असेल तर पावसात पाणी तुंबण्यासाठी ओळखला जाणारा दादरचा हिंदमाता परिसर बघा. बेटांमधल्या खाड्या आणि खाजणं बुजवून आपण मुंबई सपाट केली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या सपाटीचं सुख सगळ्यांनी भोगलं. मोठी भरती असली की समुद्र पाणी घेत नाही, म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्हला पंप चालवून ते बाहेर फेकावं लागतं.

'घाम गाळावा लागत नाही'? उपासाला तुपात परततो तो मखाणा बहुतांशी मिथिलेच्या तळ्यांतून येतो. झाडाला पानापासून फळापर्यंत काटे. पिकलेलं बी तळाच्या चिखलात जाऊन बसतं. मल्लाह, म्हणजे तिथले नावाडी-कोळी लोक, बुडी मारून ते चाचपडत गोळा करतात. मग वाळवायचं, कढईत भाजायचं आणि गरम असतानाच लाकडी मोगरीनं ठोकून फोडायचं. यात आयतं काय ते मला तरी दिसत नाही.

शेजाऱ्याच्या गरजेबद्दल हॉलंडच्या शेतकऱ्यांना विचारा. एकाचा बांध फुटला की पाणी सगळ्यांच्या शेतात. म्हणून तेराव्या शतकापासून तिथं बांध-कालवे राखणारी पाणी मंडळं आहेत.

सरळ रस्त्याचा मुद्दा मात्र मान्य. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 लाच धावली. बोरघाट चढायला 1863 उजाडलं, आणि त्या कामात मजुरांचे जीवही फार गेले.

राहिले मावळे. मुंबईचे डबेवाले मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतलेच. डोक्यावर डब्यांचं लांब लाकडी खोकं घेऊन गर्दीतून वाट काढणारा डबेवाला काटक आहे, वादच नाही. पण गावाकडच्या तुकड्यावर भागत नाही म्हणून तो इथं आला आणि याच सपाट शहरात सायकल मारतोय. काटकपणा डोंगराच्या हवेतच असतो असं धरलं, तर त्याच गल्लीत सिमेंटच्या गोण्या लादून हातगाडी ओढणारा बिहारी भैया कुठल्या डोंगरातून उतरला, तेही फॉरवर्डवाल्यानं सांगावं.