क्यू पॅलेसच्या दरजांत सिमेंट नव्हतं, काका

“लंडनचा क्यू पॅलेस बघा. 1631 चं विटांचं घर, ना गिलावा ना रंग, तरी खडकासारखं उभं! गुपित काय? इंग्लिश बॉण्ड, दगडासारखी वीट आणि दरजांत पक्कं सिमेंट. आपले वाडेही असेच वाचवा.” हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर आला आणि काकांनी वाड्याच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटनं भरायला गवंडी ठरवलासुद्धा. त्याला थांबवा.

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिननं घेतलं 1824 मध्ये. सॅम्युएल फोर्ट्री या व्यापाऱ्याचं हे घर तेव्हा दोनशेला टेकलं होतं. ते उभं राहिलं चुन्यावर.

भरीव भिंतीत पाणी शिरतंच. प्रश्न ते निघतं कुठून, हा. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ. पाणी तिच्यातून सुकतं, क्षार तिच्यात साठतात, झिजते ती दरज, आणि ती पुन्हा भरता येते. सिमेंटनं ही वाट बुजली की पाणी विटेतून निघतं, क्षार तिच्या तोंडामागे स्फटिक धरतात आणि पापुद्रे सुटतात. शेवटी सिमेंटची नुसती जाळी पुढे उरते, विटा आत खड्ड्यात. अगदी मधाचं पोळं. इंग्लंडात त्यात गोठणाऱ्या पाण्याची भर, आपल्याकडे चार महिने पाऊस.

विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये काढलेली एसपीएबी ही जुन्या इमारती जपणारी संस्था हेच सांगते: दरजेतला मसाला विटेपेक्षा मऊ हवा. म्हणून दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल, हातछिन्नीनं मोकळी करा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. धूळ झाडा, पाणी मारा. 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग धुतलेली जाडसर वाळू. दाबून भरा, पण विटेच्या तोंडावर चढवू नका. आठवडाभर ओलं गोणपाट.

बाकीचं पटकन. बॉण्ड, म्हणजे विटा रचायची पद्धत, तिथे फ्लेमिश आहे: एकाच थरात विटेची लांब बाजू, मग आखूड, पुन्हा लांब. इंग्लिशमध्ये एक अख्खा थर लांब, पुढचा आखूड. “दगडासारखी वीट” म्हणावी, तर तिथलं नक्षीकाम विटा कापून, घासून केलंय. दगडासारखी वीट घासून दाखवा! बाहेरून गिलावा नाही, हे मात्र खरं; तेवढं मान्य. पण रंग आहे. 2006 मध्ये हे घर पुन्हा खुलं झालं, त्याआधीच्या डागडुजीत जुन्या खुणांवरून गेरू घातलेल्या चुन्याचा हात दिलाय. फोटोत भिंत इतकी तांबडी दिसते ती त्यामुळे.

आणि आधीच कुणी सिमेंट भरलं असेल, तर छिन्नीच्या हलक्या घावानं सुटेल तेवढंच काढा. विटेची कड सोबत यायला लागली की हात थांबवा.