बाशिंगाच्या पानामागचे ठिपके म्हणजे तांबेरा नव्हे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, भुदरगड, आजरा भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोबत बाशिंगाच्या, म्हणजे झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या एका नेच्याच्या (फर्नच्या), उलट्या पानाचा फोटो असतो. म्हणणं असं : आंब्या-फणसावर वाढणारं बाशिंग हे बांडगूळ आहे, ते झाडाचा रस पितं. त्याच्या बुडाची तपकिरी पानं म्हणजे सड. पानामागचे ठिपके म्हणजे तांबेरा (पिकांवरचा बुरशीचा रोग), आणि त्याची पूड वाऱ्याने सोयाबीनवर, उसावर उतरते. म्हणून पावसाच्या तोंडावर ते ओरबाडून जाळा आणि खोडावर बुरशीनाशक मारा. यातलं एकही विधान खरं नाही. कुणी कोयता उचलण्याआधी ती एकेक करून तपासू.

पहिलं, बांडगुळाचं. बांडगूळ आपल्याकडच्या प्रत्येक आंबेवाल्याला माहीत आहे. त्याला फुलं येतात, चिकट फळं येतात, आणि त्याची शोषक मुळं सालीतून थेट लाकडात घुसतात. बाशिंग हा नेचा आहे. त्याचं जाडजूड, तपकिरी खवल्यांनी झाकलेलं खोड सालीवरून आडवं सरकतं आणि मुळं सालीच्या खरबरीत भागाला फक्त धरून राहतात. जीर्ण गड्डा हाताने सोडवून पाहा, खालची साल शाबूत असते. शिवाय हेच बाशिंग उघड्या कातळावरही वाढतं. दगडातून कुठला रस मिळणार? पाणी पावसाचं, अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार केलेलं. झाडाकडून त्याला उंचीवरची जागा हवी असते.

‘तपकिरी पानं म्हणजे सड’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण या वनस्पतीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट तीच आहे. बाशिंगाला दोन प्रकारची पानं येतात. लांब देठाची, हिरवी, खोलवर कातरलेली पानं दोन-तीन फूट वाढतात; अन्न तयार करणं आणि बीजाणू (बियांचं काम करणारे धुळीसारखे कण) धरणं हे त्यांचं काम. दुसरी पानं वीतभर लांबीची, बिनदेठाची, कडेला उथळ कातर असलेली. ती बुडाशी खोडाला बिलगून बसतात, लवकरच हिरवा रंग सोडतात आणि कागदासारखी कडक होऊन तशीच टिकतात. त्यांच्या आड पालापाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा साठते, कुजते, आणि नेच्याची मुळं त्या खतात शिरतात. जमिनीपासून वीस-तीस फूट वर हा नेचा स्वतःची माती स्वतः गोळा करतो. लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा बुडाची हीच पानं त्याला ओकच्या पानांसारखी वाटली. ‘क्वर्सिफोलिया’ हे नाव त्यावरूनच आलं. उन्हाळ्यात वरची हिरवी पानं वाळून झडतात आणि मागे तपकिरी पानं तेवढी उरतात. मेल्यासारखा दिसणारा तो गड्डा पावसाची वाट बघत असतो. मजकूर म्हणतो त्या वेळी तो जाळला, तर जिवंत रोप जळतं.

आता ठिपके. तांबेऱ्याचे फोड पानाची त्वचा फोडून वर येतात आणि बहुधा वाटेल तसे विखुरलेले असतात. बाशिंगाच्या पानामागचे ठिपके शिरांच्या मधोमध, सरळ ओळींत, जवळपास एकाच मापाचे असतात. पानाच्या वरच्या बाजूला ते कधीच नसतात. रोग सहसा इतक्या नेमक्या ओळी धरत नाही. (खवले कीडही नाही. ती देठावर, शिरांवर कुठेही चिकटते आणि नखाने खरवडली की सुटी निघते.) साधं भिंग लावलं की प्रत्येक ठिपका म्हणजे बारीक, देठ असलेल्या बीजाणुकोशांचा घोस आहे हे दिसतं. बऱ्याच नेच्यांत या घोसावर पातळ झाकण असतं, बाशिंगात ते नसतं, म्हणून ठिपका उघडा आणि भुरकट दिसतो.

एका कोशात साधारण ६४ बीजाणू असतात. कोशाभोवती पेशींचं एक कडं असतं. या पेशींच्या आतल्या आणि बाजूच्या भिंती जाड, बाहेरची पातळ. हवा कोरडी झाली की पेशींतलं पाणी आटतं, पातळ भिंत आत ओढली जाते, कडं उलटं वाकतं आणि कोश फाटतो. ताण शेवटाला पोचला की उरलेल्या पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि कडं गलोलीसारखं झटक्यात परत येऊन बीजाणू दूर फेकतं. पाऊस ओसरल्यावर पिकलेलं पान ठिपक्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, वर पुस्तक ठेवा. दुसऱ्या दिवशी कागदावर पुडीच्या ओळी उमटलेल्या असतात.

ही पूड सोयाबीनवर पडली तर काय होतं? काहीच नाही. तांबेऱ्याचा बीजाणू बुरशीचा असतो. तो जिवंत पानावर रुजतो आणि तंतू आत घुसवतो. सोयाबीनचा तांबेरा घेवड्याच्या कुळातल्या वनस्पतींवर जगतो, उसाचा ऊस आणि त्याच्या जवळच्या गवतांवर. नेच्याशी दोघांचाही संबंध नाही. नेच्याचा बीजाणू ओल्या, सावलीतल्या सालीवर किंवा दगडावर रुजतो आणि त्यातून काही मिलिमीटरची, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. तीही आपलं अन्न आपणच करते. तिच्या खालच्या बाजूला नर आणि मादी अवयव असतात, पाण्याच्या पातळ थरातून नरपेशी पोहत जातात, आणि मग नवा नेचा उगवतो. विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दोन पिढ्यांचं हे चक्र मांडलं. भर उन्हातल्या शिवारात ती चकती तगतच नाही.

सोयाबीनवर तांबेरा आपल्या भागात खरा आहे, आणि त्याने झालेलं नुकसानही खरं. त्याचा उपाय शेतात आहे : फुले संगमसारखा सहनशील वाण, खालच्या पानांवर लवकर नजर, आणि वेळेवर योग्य फवारणी. आंब्याच्या खोडावर बुरशीनाशक मारून सोयाबीन वाचत नाही, आणि बाशिंगाचे ठिपकेही जात नाहीत. खात्री करायची असेल, तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक पान नेऊन दाखवा. अभयारण्याच्या हद्दीतलं झाड असेल तर प्रश्नच मिटला; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय काहीही तोडता येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मोठा गड्डा पावसात भिजून जड होतो आणि घराजवळची कमकुवत फांदी त्या वजनाने मोडू शकते. अशा ठिकाणी तेवढाच गड्डा नेच्याच्या आडव्या खोडासकट सोडवून घ्या आणि दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात सुतळीने बांधा. पाऊस लागला की मुळं तिथे धरतात.