विचारत बसू नका, दिसेल ते काम उचला
शेजाऱ्यावर संकट आलं की ‘काही लागलं तर सांगा’ एवढा धीर द्यावा, हा शेजाऱ्याला मदत कशी करावी यावरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. घरचं माणूस अतिदक्षता विभागात असताना काय लागतंय हेच सुचत नाही, आणि सुचलं तरी मागायला जीभ रेटत नाही. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या काकूंनी काही विचारलंच नाही. धाकटीला शाळेतून आणलं, अभ्यासाला बसवलं, आमच्या दारातला कचरासुद्धा स्वतःच्या कचऱ्याबरोबर नेऊन टाकला. केवढा आधार वाटला होता!

आणि कुणी गेल्यावर करायच्या मदतीबद्दल लेखात फक्त पहिल्या आठवड्याचंच का? त्या आठवड्यात तर घर भरलेलं असतं. पाहुणे परतल्यावर, बँकेचे आणि विम्याचे कागद पुढ्यात घेऊन एकट्याने बसायची वेळ येते, तेव्हा शेजाऱ्याने जरूर दार वाजवावं.