पांढरी पाचमधलं गाव

खेड्यात फार शांतता असते असं ज्यानं पसरवलं, त्यानं खेड्यात बसून कधी सॅम्पल, म्हणजे गाण्यात वापरायचा आवाजाचा सुटा तुकडा, रेकॉर्ड केलेलं नाही.

अशा सॅम्पलचे साउंड पॅक विकत मिळतात, नाही असं नाही. 'इंडियन' नावाचं फोल्डर उघडलं की सतार, तबला आणि पुन्हा सतार. डीजेवाल्यांसाठी मिरवणुकीत वाजणाऱ्या नागपुरी संदलचे लूपही निघालेत. पण तुकडोजी महाराजांनी अख्ख्या विदर्भाच्या कानात बसवलेली खंजिरी? तिची धड एक थाप मला सापडली नाही. म्हटलं, आपणच पॅक करू. 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट, म्हणजे स्टुडिओच्या दर्जाचं रेकॉर्डिंग. हलकी, मध्यम, जोराची, अशी एकेक सुटी थाप.

भजनी मंडळातल्या काकाजींना ओसरीत बसवलं.

"काकाजी, एकच थाप मारा अन् थांबा."

"एका थापीनं का होते बाप्पा?"

थाप पडली आणि तिच्या मागोमाग अख्खं भजन आलं. थांबवलं. पुन्हा थाप, पुन्हा भजन. तोवर शेजारचे दोघं टाळ घेऊन हजर. खंजिरीच्या झांजांची किणकिण पूर्ण विरेपर्यंत हात हलवायचा नाही, असं समजावलं तर काकाजी म्हणाले, "मंग हात काहाले देल्ला देवानं?"

शेवटी काकाजी थांबायला शिकले, पण गाव शिकेना. किणकिण विरायला लागतात जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात टिटवी, पिठाची गिरणी, भंगारवाल्याचा भोंगा, आणि सगळ्यात चांगल्या टेकवर स्वच्छ आवाजात आजी: "काऊन बे, हे का करून रायला?"

रात्री करू म्हटलं, तर रात्री शेतीची थ्री फेज येते. ऑटो-स्टार्टरवाल्या मोटारी आपोआप सुरू होतात आणि घरामागची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणू लागते. वीज 50 हर्ट्झची, म्हणून डीपीचा सूर त्याच्या दुपटीनं, 100 चा. पेटीवाल्या मामांनी हेडफोन लावून निकाल दिला, "पांढरी पाच हाये. जराशी चढली." कान पक्का माणसाचा! पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, आणि खालच्या सप्तकातली ती 98 ला असते. तो सूर फिल्टरनं कापला की खंजिरीच्या चामड्याचा दमही जातो आणि थाप बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखी वाजते.

या धंद्यात सुखी एकटा भाचा. त्याला माइनक्राफ्ट या गेममधले आवाज बदलायचे होते. रिसोर्स पॅकमध्ये, म्हणजे गेमचे आवाज-चित्रं बदलायच्या फोल्डरमध्ये, त्याच नावाची ओजीजी (आवाजाची) फाईल ठेवली की झालं. क्रीपर नावाचा गेममधला राक्षस फुटण्याआधी दीड सेकंद फिस्स करतो, तिथं त्यानं कपाशीवरचा फवारणी पंप बसवला. अंगावर काटा येतो, खरंच. गेममधल्या गाईला आमच्या कपिलेचं हंबरणं दिलं, पण फाईल केली स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाटांची. आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेचा, असेल तरच गेममध्ये लांब-जवळ कळतं. स्टिरिओ गाय दहा ठोकळे दूर असली तरी थेट कानाशी हंबरते. त्यात भाच्यानं गेम माझ्या मोठ्या स्पीकरांवर लावलेला.

आजीनं आवाज ओळखला. "उपाशी हाये वाट्टे बिचारी," म्हणत भर दुपारी घमेलंभर ढेप घेऊन गोठ्यात गेली. गेममधली गाय पुन्हा हंबरली, गोठ्यातलीनं उत्तर दिलं, आजीनं आणखी ढेप टाकली.

भाच्यानं फाईल नंतर मोनो केली. कपिला मात्र आता रोज दुपारी, गेम बंद असला तरी, हंबरून ढेप मागते. नव्या पोत्याचे पैसे आजीनं माझ्याकडून वसूल केले.