उत्तर: ‘पाच टक्के सांगून निम्मंच पॅलेडियम दिलं’

सर, आपण दिलेला एक तारा आणि खालचा मजकूर वाचला. ५ टक्के पॅलेडियम-ऑन-कार्बनच्या (कार्बनच्या भुकटीवर पॅलेडियम धातू बसवलेला कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) ड्रममध्ये आपल्या लॅबला २.३ टक्केच धातू सापडला, नायट्रो संयुगाला हायड्रोजन जोडायची जी बॅच चार तासांत उरकायची तिला अकरा तास लागले, आणि फोन केल्यावर आमच्या माणसाने तुमच्याच सॉल्व्हंटमध्ये गंधक असेल असं ऐकवलं, अशी आपली तक्रार आहे. पहिला मुद्दा सोडला तर बाकी सगळं खरं आहे.

आधी त्या पहिल्याचं. आपण घेतलेला माल ओली पेस्ट आहे आणि ५ टक्के हा आकडा कोरड्या वजनावरचा. त्या लॉटमध्ये ५४ टक्के पाणी होतं, म्हणजे १० किलोच्या ड्रममध्ये कोरडा माल ४.६ किलो आणि पॅलेडियम २३० ग्रॅम. बिलही २३० ग्रॅमचंच आहे, पाण्याचे पैसे घेतलेले नाहीत. आपल्या लॅबने ओला नमुना तसाच तोलला, त्यामुळे २.३ आलं, आकडा बरोबर आहे. पण ‘कोरड्या वजनावर’ हे आमच्या लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरात होतं. आता ते टक्क्यांच्या शेजारीच, तेवढ्याच आकारात छापतो.

आता अकरा तास. आपल्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना काढून आमच्या छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) नायट्रोबेंझिनवर चालवला. हायड्रोजन ओढायचा वेग नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. धातू मात्र पुरता. मग बॅचबुक उघडलं. रात्रपाळीची नोंद: ‘डोसिंग पंप बंद, सोडा मगने घातला.’ खरं तर तिथेच सगळं कळलं.

हे काम असं चालतं. पाण्यात कालवलेल्या कार्बनच्या स्लरीत पॅलेडियम क्लोराइडचं आम्लयुक्त द्रावण सोडायचं, मग सोडा ॲशचं पाणी दीड तास थेंबाथेंबाने घालत पीएच वर न्यायचा. सावकाश गेलं तर पॅलेडियम हायड्रॉक्साइड कार्बनवर पसरून बसतं. त्यानंतर फॉर्मेटने रिड्यूस केलं, म्हणजे त्याचा परत धातू केला, की ३-४ नॅनोमीटरचे कण मिळतात. दहा मिनिटांत मगाने ओतलं की हायड्रॉक्साइडचे पाण्यातच गोळे होतात आणि ते कार्बनला बाहेरूनच चिकटतात. नमुना बाहेरच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवला तेव्हा १४-१५ नॅनोमीटरचे पुंजके दिसले. साडेतीन नॅनोमीटरच्या कणात साधारण तिसरा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात, १४ च्या कणात जेमतेम आठ टक्के. काम पृष्ठभागावरचेच अणू करतात, आतले नुसतेच बसून खातात. २३० ग्रॅमचे पैसे आपण दिले, काम त्याच्या पाव हिश्श्याने केलं. ऑपरेटरला दोष देत नाही. त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, वाचलं नाही ते आम्ही.

शिवाय टेम्पो गेटवर उभा होता म्हणून त्या दिवशी फक्त धातूचा रिपोर्ट पाहून माल सोडला, हायड्रोजनेशनची, म्हणजे हायड्रोजन किती वेगाने ओढतो याची, चाचणी राहिली. पुरता धातू म्हणजे चांगला कॅटॅलिस्ट नव्हे, हे मीच गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलोय. आणि गंधकाचं म्हणाल, तर गंधक पॅलेडियमला मारतं हे खरं, पण स्वतःचा नमुना न तपासता तसं म्हणणं हा उद्धटपणा होता. त्याबद्दल मी माफी मागतो.

उरलेला माल, वापरून गाळलेल्या कॅटॅलिस्टचा केकसुद्धा, आमच्या खर्चाने उचलतो. रिफायनरीत जितका धातू निघेल तो आपल्या खात्यावर जमा, आणि नवा ड्रम बिनपैशाचा. त्यासोबत हायड्रोजनेशनचा ग्राफ येईल. ड्रम उघडण्याआधी तो पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने. फिल्टरवरचा केक ट्रेमध्ये वाळवताना ठिणग्या उडाल्या, असं आपण शेवटी ओझरतं लिहिलंय. वापरलेल्या केकमध्ये हायड्रोजन मुरलेला असतो. केक वाळला आणि हवा लागली की आपोआप पेटतो, शेजारी मिथेनॉलची वाफ असेल तर विचारू नका. यापुढे नायट्रोजनखाली गाळा, सॉल्व्हंट पाण्याने धुऊन काढा आणि केक पाण्याने भिजलेलाच ड्रममध्ये भरून झाकण लावा. आमचा माणूस मंगळवारी येतोय, तोवर त्या ट्रेला कोणी हात लावू नये.