वादळ कुणाच्या गळ्यातलं?

जुन्या गाण्याचं नवं रूप कुणीतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं आणि ठिणगी पडते. 'वाट लावली', 'मूळ गाण्याची सर नाही', मग आजच्या पिढीच्या कानांचा उद्धार. लताबाईंनी २०१८ मध्ये रिमिक्सविरुद्ध जाहीरपणे लिहिलं होतं, त्याचीही आठवण काढली जाते. इंडोनेशियात, जाकार्तात बसून हे वाचताना वाटतं, भांडताय खरे, पण भलत्याशीच.

इथे असंच जपलेलं एक गाणं आहे, 'बादाई पास्ती बर्लालू'. वादळ ओसरणारच, असं सांगणारं. मार्गा टी. यांच्या कादंबरीवर तगुह कार्यांनी १९७७ साली केलेल्या सिनेमाचं हे शीर्षकगीत. रचना एरोस जारोत यांची आणि आवाज बर्लियान हुताउरुक यांचा. काय आवाज आहे! उंच, ताणलेला, ऑपेराच्या अंगाचा. नायिकेचं दुःख गोड करून सांगायला साफ नकार देणारा. सिनेमाच्या कॅसेटवरची बाकी बरीच गाणी क्रिस्ये यांनी गायली. 'रोलिंग स्टोन'च्या इंडोनेशियन आवृत्तीने २००७ मध्ये देशातल्या सर्वोत्तम दीडशे अल्बमची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच कॅसेटला मिळाला.

१९९९ मध्ये क्रिस्येंनी हा अल्बम पुन्हा केला. एर्विन गुतावांचा भरगच्च ऑर्केस्ट्रा आणि शीर्षकगीताला आता क्रिस्येंचा स्वतःचा आवाज. हुकूमशहा सुहार्तो पायउतार होऊन वर्ष होत होतं, रुपियाची, म्हणजे इथल्या चलनाची, पडझड ताजी होती. लोकांना ते शब्द हवेच होते. २००७ मध्ये सिनेमाही नव्याने निघाला आणि गाणं गायक आरी लास्सोकडे आलं. मला विचाराल तर १९९९ ची आवृत्ती फार गुळगुळीत आहे. व्हायोलिनं इतकी, की वादळ आलंच नव्हतं असं वाटावं. पण माझ्या ओळखीतल्या तरुणांनी गाणं ऐकलं ते तिच्यामुळेच. त्यांच्या लेखी ते क्रिस्येंचं गाणं. बर्लियान यांचं नाव घेतलं की 'कोण?' विचारतात. गुळगुळीतपणापेक्षा मला हे जास्त लागतं.

इथे भांडण पेटलं ते पैशावरून. अ‍ॅग्नेस मो या गायिकेने तीन कार्यक्रमांत परवानगीविना त्यांचं गाणं गायलं म्हणून संगीतकार आरी बियास यांना दीड अब्ज रुपिया द्यावेत, असा निकाल जाकार्ताच्या न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मधल्या काळात गायक आणि संगीतकार उघडउघड दोन तटांत उभे राहिले. संगीतकाराचं मानधन (रॉयल्टी) कार्यक्रमाच्या आयोजकाने भरायचं की गाणाऱ्याने, परवानगी दरवेळी मागायची की मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे पैसे भरले की झालं, हा सगळा झगडा. कॅफेवाले तर इतके धास्तावले की काहींनी गाणी बंद करून पक्ष्यांची किलबिल लावली. त्यावर त्या संस्थेने सांगितलं, किलबिलीच्या ध्वनिमुद्रणालाही हक्क असतात!

हे हास्यास्पद आहे, मान्य. संगीतकाराच्या संमतीवाचून मंचावर कुणी तोंडच उघडायचं नाही, ही टोकाची मागणीही मला पटत नाही. त्याने जुनी गाणी मरतील. पण आपल्याकडे पैशाच्या आणि हक्कांच्या या बाजूची चर्चा जवळपास होतच नाही. भारतातला कायदा म्हणतो, मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं परवानगीविना कव्हर, म्हणजे त्याच गाण्याची नवी आवृत्ती, काढायचं नाही, मानधन आगाऊ भरायचं आणि मूळ गायकाच्या नावाने दिशाभूल करायची नाही. सिनेमातलं रिमिक्स मात्र बहुतेक वेळा हक्क बाळगून असलेल्या कंपनीच्याच संमतीने निघतं. शिव्या खातो नवा गायक.

'कोंबडी पळाली'चंच घ्या. 'जत्रा'तलं २००६ चं गाणं, २०१२ मध्ये 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झालं. दोन्हीकडे संगीत अजय-अतुल यांचंच, त्यामुळे त्यांचं श्रेय शाबूत राहिलं. पण हिंदी ऐकणाऱ्या किती जणांना आनंद शिंदे आणि वैशाली सामंत ही नावं ठाऊक असतील? ग्रुपवर पुढच्या वेळी 'वाट लावली' आलं की मी तिथे हेच विचारणार आहे: मूळ कुणी गायलं, आणि या नव्या गाण्याचे पैसे कुणाकुणाला गेले? मावशी बहुधा ग्रुप सोडेल.